तिसऱ्या दिवशी काय झाले?

पशुवैद्यकांचे प्रश्न : माजी विद्यार्थ्यांची पत्रे आणि उत्तरे

परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या पदवीधरांकडून आम्ही व्यवसायातील अडचणींविषयी पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत आणि लांब पत्रांचा आशय तेवढा घेतला आहे.

प्रश्न : सर, मी २०१४ साली उदगीरहून पदवी घेतली आणि तेव्हापासून औंढा नागनाथ तालुक्यात खासगी व्यवसाय करतो. दिवसाकाठी सात-आठ गावे होतात, शिवाय रात्री अडलेल्या गाईम्हशींसाठी जावे लागते. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे होते, पण घरच्या परिस्थितीमुळे राहून गेले. आता नवे पदवीधर भेटले की आपण मागे पडलो, असे वाटते. व्यवसाय बंद न ठेवता अभ्यास कसा चालू ठेवावा आणि कोणते प्रशिक्षण घ्यावे?

उत्तर : तुम्हाला जे वाटते त्याला आधार आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याचे मला समाधान वाटले. तुम्ही पदवी घेतलीत तेव्हा लम्पी चर्मरोग आपल्या देशात आलेलाच नव्हता. त्याची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली आणि २०२२ मध्ये तो महाराष्ट्रातील गोठ्यागोठ्यांत पोहोचला. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना का टोचायची, हे शेतकऱ्याला समजावून सांगताना आपल्यापैकी अनेकांना आधी स्वतः वाचावे लागले. अन्न देणाऱ्या जनावरांमध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मरत असल्याने या वेदनाशामकावर २००६ मध्येच बंदी आली होती, आणि तुम्ही व्यवसायात असतानाच २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेनही त्याच कारणाने जनावरांसाठी बंद झाले. म्हणजे महाविद्यालयात शिकताना जी औषधे वहीत लिहून घेतली, त्यांतील काही आज लिहून देणेही बेकायदेशीर आहे. वेदनाशामक म्हणून मेलोक्सिकॅमसारखा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध असताना जुन्या सवयीने हात दुसऱ्या बाटलीकडे जाऊ नये, एवढ्यासाठी तरी वाचन चालू ठेवावेच लागते.

तरीही माझे पहिले सांगणे प्रशिक्षणाविषयी नाही, तुमच्या स्वतःच्या केसेसविषयी आहे. गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरची मोठी अडचण अशी, की आपण दिलेल्या उपचाराचे पुढे काय झाले हे त्याला बहुधा कळतच नाही. जनावर बरे झाले तर शेतकरी फोन करत नाही, कारण त्याचे काम झालेले असते. जनावर मेले तरी तो फोन करत नाही, कारण तो दुखावलेला असतो किंवा त्याने दुसऱ्या डॉक्टरला बोलावलेले असते. दोन्हीकडून फोन येत नाही, आणि आपण मात्र उपचार लागू पडला असे धरून चालतो. अशी दहा वर्षे गेली तर तीच चूक माणूस दहा वर्षे करत राहतो आणि तिला अनुभव म्हणू लागतो.

म्हणून गाडीच्या डिकीत शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक केसला पाच-सहा ओळी पुरतात : कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, वय, व्यायला किती दिवस झाले, ताप, पोटाची हालचाल, आपल्याला वाटलेला आजार, दिलेले औषध आणि मात्रा. शेवटची ओळ कोरी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी शेतकऱ्याला स्वतः फोन करून ती भरायची. पहिल्या महिन्यात हे जड जाईल. दुसऱ्या महिन्यात शेतकरीच तुमच्या फोनची वाट पाहू लागतील.

ही सवय मला कशी लागली, ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी पावसाने दीड महिना ओढ दिली होती आणि नंतर दोन दिवस चांगला पाऊस झाला. एका शेतकऱ्याने खुरटलेले कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापून दावणीला टाकले. मी पोहोचलो तेव्हा एक कालवड मेलेली होती आणि एक लाल कंधारी गाय तोंड उघडे टाकून श्वास घेत होती. दुष्काळ, कडवळ आणि धाप एवढे पाहून मी किराळ लागल्याचे, म्हणजे ज्वारीतील सायनाइडची विषबाधा झाल्याचे, निदान केले आणि शिरेतून सोडियम नायट्राइट व त्यामागोमाग थायोसल्फेट दिले. गाय सुधारण्याऐवजी अधिकच गुदमरली आणि माझ्यासमोर गेली. संध्याकाळी हात धुताना शर्टाच्या पांढऱ्या बाहीवर रक्ताचे डाग दिसले. ते लालभडक नव्हते, उकळून राहिलेल्या चहासारखे कथ्थई होते. किराळ लागलेल्या जनावराचे रक्त लालभडक असते. कथ्थई रक्त नायट्रेटच्या विषबाधेत दिसते, आणि तिच्यावर मेथिलीन ब्ल्यू द्यावे लागते. नायट्राइट दिल्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची उरलीसुरली क्षमताही जाते. दोन्ही विषे त्याच खुरटलेल्या कडवळात असू शकतात, लक्षणेही वरवर सारखी दिसतात, पण एकीचा उपचार दुसरीला मारक ठरतो. त्या रात्री मी पहिली नोंद लिहिली. तेव्हापासून अशा केसमध्ये औषध भरण्याआधी रक्ताचे दोन थेंब पांढऱ्या कापसावर घेऊन उजेडात पाहिल्याशिवाय मी सुई लावलेली नाही.

पुस्तकात हे सगळे होते आणि परीक्षेत मी ते लिहिलेही होते. वाचलेले ज्ञान गोठ्यात नेमक्या वेळी आठवण्यासाठी जी उजळणी लागते, ती स्वतःच्या नोंदींतूनच होते, असे माझे मत आहे.

आता प्रशिक्षणाकडे वळू. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोणत्या केसेस जास्त आल्या आणि कोणत्या जास्त बिघडल्या ते मोजा, आणि त्यावरून विषय ठरवा. उलटणाऱ्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या, गाई जास्त असतील तर प्रजनन आणि सोनोग्राफीचे प्रशिक्षण घ्या. हाताने गाभण तपासणी करताना साधारण दीड-दोन महिने थांबावे लागते, तर गुदमार्गाने केलेल्या सोनोग्राफीत महिन्याच्या आसपास निदान होते, आणि दूध व्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा एका माजाचा फरक मोठा असतो. मात्र आधी यंत्र आणि नंतर प्रशिक्षण, हा क्रम मी अनेकांना महागात पडलेला पाहिला आहे. कासदाहाच्या केसेस हाताबाहेर जात असतील तर दुधाचा नमुना निर्जंतुक पद्धतीने घेणे आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचून प्रतिजैविक निवडणे, एवढे शिकलात तरी वर्ष सार्थकी लागेल. पशुवैद्यक परिषदेच्या निरंतर शिक्षण कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्थाही वेळोवेळी अभ्यासवर्ग घेते. याहून सोपा मार्ग तर तुमच्या जवळच आहे. महिन्यातील एक ठरलेला दिवस परभणीच्या महाविद्यालयाच्या चिकित्सालयात घालवा, आणि आपली एखादी अवघड केस घेऊनच तेथे जा. तुमच्या वेळी आंतरवासिता (इंटर्नशिप) सहा महिन्यांची होती, २०१६ च्या नियमांनंतर ती एक वर्षाची झाली आहे. त्या सहा महिन्यांत जे राहून गेले ते असे एकेक दिवसाने भरून काढता येते. माजी विद्यार्थी केस घेऊन आला तर शिकवणाऱ्यांनाही आनंद होतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

प्रश्न : मी कंधार तालुक्यात काम करते. जार (वार) अडकलेल्या गाईम्हशी हाताळणे रोजचेच आहे. दोन महिन्यांपूर्वी वगारींना ब्रुसेलाची (जनावरांना गाभडवणाऱ्या जिवाणूची) लस टोचताना सुई माझ्याच अंगठ्यात गेली. तेव्हा दुर्लक्ष केले. आता अधूनमधून ताप येतो, रात्री घाम येतो आणि कंबर दुखते. टायफॉइडचे औषध दोनदा झाले. हे लसीमुळे असेल का? पुढे काय काळजी घ्यावी?

उत्तर : ताई, हा अंक हातात पडेपर्यंत थांबू नका, म्हणून तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले आहे. येथे लिहितो ते इतरांसाठीही आहे, कारण तुमच्यासारखे दुर्लक्ष आपल्यातील बहुतेकांनी कधी ना कधी केले आहे.

चार ते आठ महिने वयाच्या वगारी-कालवडींना टोचली जाणारी एस-१९ ही जिवंत जिवाणूंची लस आहे. ती माणसाच्या शरीरात गेली तर आजार होऊ शकतो, तसाच तो जार काढताना किंवा गाभडलेले वासरू हाताळताना त्वचेवरील ओरखड्यांतून आणि डोळ्यांतूनही होऊ शकतो. तापाची चढउतार, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर दुखणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. ती टायफॉइडसारखी वाटत असल्याने निदान चुकते. फिजिशियनकडे गेल्यावर ‘ताप येतो’ एवढेच सांगू नका. ‘मी पशुवैद्यक आहे, अमुक तारखेला ब्रुसेलाची जिवंत लस टोचली गेली आणि मी जार हाताळते’ असे स्पष्ट सांगा आणि ब्रुसेलाच्या रक्ततपासणीचा आग्रह धरा. आपला व्यवसाय माहीत नसेल तर कोणताही डॉक्टर या आजाराचा विचार सहसा करणार नाही. उपचारात दोन प्रतिजैविके एकत्र आणि साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप दहा दिवसांत उतरला म्हणून औषध थांबवले तर आजार उलटतो. औषधांची निवड त्या डॉक्टरांनीच करायची आहे, आपल्या बॅगेतील बाटली यासाठी वापरू नये. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर ते आधी सांगा, कारण त्यावर औषध बदलते.

पुढील काळासाठी खांद्यापर्यंतचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि लसीकरणाच्या वेळी जनावर खोड्यात (जखडून धरणाऱ्या चौकटीत) घेणे, या तीन गोष्टींबाबत शेतकऱ्याच्या घाईला मान देऊ नका. ‘ताई, धरतो आम्ही, टोचा तुम्ही’ असे चार माणसे म्हणतात, वगार उसळी मारते आणि सुई बोटात जाते. खोडा नसेल तर तो होईपर्यंत लसीकरण पुढे ढकलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

याच ठिकाणी रेबीजविषयी लिहिणे भाग आहे. ‘म्हशीच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, वैरण गिळत नाही’ असा निरोप आला की आपला हात आपोआप तोंडात जातो. घसा लुळा पडलेले रेबीजचे जनावर नेमके असेच दिसते. आवाज बसला आहे का, जनावर सारखे कुंथते आहे का, गेल्या काही आठवड्यांत कुत्रे चावले होते का, हे विचारल्याशिवाय आणि हातमोजे घातल्याशिवाय तोंडात हात घालायचाच नाही. रेबीजची प्रतिबंधक लस आपण सर्वांनी आधीच घेतलेली असावी. आपल्याकडे ती ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी अशी तीन वेळा देतात. ती पूर्ण घेतलेल्या व्यक्तीला पुढे संपर्क आला तर ० आणि ३ ऱ्या दिवशी दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या सुईची) गरज राहत नाही. स्वतःच्या लसींच्या तारखा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : अंबड परिसरात माझ्याआधी कोणीतरी ‘डॉक्टर’ येऊन जातो आणि केस बिघडल्यावर मला बोलावतात. मागच्या महिन्यात आठ महिन्यांच्या गाभण गाईला लंगडते म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिले गेले आणि ती गाभडली. शेतकऱ्याला खरे सांगावे का? तक्रार करावी का?

उत्तर : खरे सांगावेच लागेल, पण ते गाईविषयी सांगावे. ‘गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे औषध दिले तर गाय गाभडू शकते, यापुढे गाभण जनावराला कोणीही सुई दिली तर आधी बाटली पाहून नाव लिहून घ्या’ एवढे शांतपणे सांगितलेत तर शेतकऱ्याच्या लक्षात राहते. ‘त्याने तुमची गाय मारली’ असे म्हणालात तर गावात भांडण लागते आणि पुढच्या वेळी बाटली लपवली जाते. रिकामी बाटली मिळाली तर तिच्यावरील नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लगेच उतरवून घ्या.

कायदा स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्यांना राज्य शासन किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची परवानगी देऊ शकते, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा स्वरूपाच्या प्राथमिक सेवांची, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली. गाभण गाईला स्टिरॉइड देणे यात बसत नाही. तक्रार जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाकडे आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी करता येते. एकाच घटनेवर केलेली तक्रार बहुधा टिकत नाही. तारीख, बिल्ला क्रमांक, आधी दिलेले औषध, तुमची तपासणी आणि शेतकऱ्याची सही अशा चार-पाच नोंदी जोडल्यात तर तिला वजन येते. स्वतःची नोंदणी चालू आहे ना, हेही आधी पाहा, कारण दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण विसरलेला पशुवैद्यक दुसऱ्याविरुद्ध उभा राहू शकत नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती लिहिताना मला वाईट वाटते. काही ठिकाणी ही ‘देखरेख’ फोनवरून ‘हे देऊन टाक’ एवढ्यापुरतीच उरली आहे, आणि तसे सांगणारा आपल्यातीलच कोणीतरी असतो. न पाहिलेल्या जनावराला आपल्या नावावर औषध जाऊ देणे बंद केले तर निम्मा प्रश्न सुटेल, असे मला वाटते. गावातील होतकरू मुलाला हाताशी धरून जखम धुणे, ताप मोजणे, लस थंड ठेवणे हे नीट शिकवा, आणि कुठे थांबून तुम्हाला बोलवायचे, हेही त्याला शिकवा.

प्रश्न : फी मागायला संकोच वाटतो. सोयाबीन विकल्यावर देतो, पोळ्याला देतो, असे लोक म्हणतात. (केज तालुका)

उत्तर : फी आणि औषधाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जनावराला हात लावण्याआधी सांगा आणि वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. संकोचामुळे आपण फी मागत नाही आणि ती औषधातून काढतो. मग जेथे सल्ला पुरला असता तेथेही दोन सुया जास्त जातात, आणि त्या प्रतिजैविकाचा अंश दुधातून घराघरांत पोहोचतो. उधारी द्यावी लागेल. कोरडवाहू भागात पैसा हंगामानेच येतो, हे आपण जाणतोच. पण तारीख ठरवून द्या, आणि तिसऱ्या दिवशीचा जो फोन वर सांगितला, त्यात उधारीचा विषय काढू नका. अडलेल्या गाईसाठी रात्री बोलावणे आले तर मागची बाकी न विचारता जावे.

प्रश्न : आमच्या तुकडीचा परभणीत स्नेहमेळावा आहे. सत्कार, भोजन, छायाचित्रे यापलीकडे व्यवसायाच्या उपयोगाचे काही करता येईल का? आम्ही सत्तावीस जण येत आहोत, त्यांपैकी निम्मे शासकीय सेवेत आहेत.

उत्तर : सत्कार आणि भोजन असू द्या, त्यासाठीच माणसे लांबून येतात. त्याआधी सकाळचे तीन तास मात्र वेगळे काढा आणि प्रत्येकाने आपली एक बिघडलेली केस आणावी, असे निमंत्रणातच लिहा. यशस्वी केस कोणी आणू नये. जनावराचे वय, लक्षणे, मला काय वाटले, मी काय दिले, काय झाले आणि आज वेगळे काय केले असते, एवढे पाच-सात मिनिटांत सांगायचे. शेतकऱ्याचे आणि गावाचे नाव घ्यायचे नाही. शासकीय सेवेतील मित्रांना अशा केसेस उघडपणे सांगताना दडपण येते, म्हणून छायाचित्रण त्या तीन तासांत बंद ठेवा आणि जे बोलले जाईल ते व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. महाविद्यालयातील औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र विभागांतील एकेका शिक्षकाला बसायला बोलवा. भाषण न करता ऐकून शेवटी शंका सोडवण्याची त्यांना विनंती करा. आंतरवासितेतील विद्यार्थ्यांनाही मागच्या बाकांवर बसू द्या.

पहिले बोलायला कोणी उठत नाही, हा अशा बैठकांचा नेहमीचा अनुभव आहे. तारीख कळवा, मी येईन आणि कडवळ खाल्लेल्या त्या लाल कंधारी गाईची नोंद सर्वांत आधी वाचून दाखवीन.